दोन माणसांची गाडी

ओटीच्या पायरीशी सायकल टेकवली, मान वर केली आणि क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कोणाच्या घरात शिरतोय. घर माझंच होतं. दारावरची झेंडूची माळ सकाळी मीच बांधली होती आणि ती वाकडी होती, म्हणजे नक्की माझीच. पण ओटीवर एक भलताच लखलखाट पसरला होता. सकाळी मी कामाला निघालो तेव्हा तिथं काळ्या, तेलकट, ओंगळ लोखंडाचा पसारा होता आणि तो पसारा मला पाढ्यांसारखा पाठ होता. आता पसारा नव्हता. पाट होते, पाटांवर केळीची पानं होती आणि पानांवर माझी गाडी होती. घासूनपुसून चकचकीत केलेली, मोठ्या तुकड्यापासून बारक्या तुकड्यापर्यंत रांगेनं लावलेली, एकेका तुकड्याला हळदीकुंकवाचं बोट आणि वर झेंडूची पाकळी. मधोमध इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह, दांड्या आत आणि टोप्या बाहेर, असे गोल मांडून त्यांचं अष्टदल कमळ केलेलं. कमळ सुरेख झालं होतं, हे मला नाकारता येणार नाही. मी ते बघत उभा राहिलो आणि मला दरदरून घाम फुटला.

गाडी उघडणं सोपं असतं. कोणीही गाढव पाना घेऊन बसला तर महिन्याभरात गाडी उघडून ठेवील. मीच ठेवली होती. तारापूरला समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, तिथं मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढतो. तिथला फिटर शांताराम मला पहिल्याच दिवशी बजावून म्हणाला होता, "नरहरीभाऊ, उघडताना हुशारी लागत नाही. कुठून काय निघालं ते ध्यानात ठेवा. आणि व्हॉल्व्ह ज्याचा त्यालाच. नवरा-बायकोसारखं असतं ते, वर्षानुवर्षं घासून घासून एकमेकांना बसलेले असतात. अदलाबदल केलीत की संसार संपला." लिहून ठेवा, चिठ्ठ्या बांधा, असंही तो म्हणाला होता. मी हसलो होतो. दिवसभर कागदावर रेघा मारणाऱ्या माणसाला घरी तरी कागद नको वाटतो. मी आमची ओटीच कागद केली. उंबऱ्यापाशी जे पहिलं निघालं ते, मग दुसरं, असं करत तुळशीच्या बाजूच्या कठड्यापर्यंत सबंध गाडी ज्या क्रमानं सुटली त्या क्रमानं जमिनीवर मांडली. कुठला नट कुठल्या बोल्टाच्या शेजारी पडलाय, त्यावरून तो कुठला ते मला कळायचं. तुकडे सगळे एकसारखेच काळे होते; त्यांची ओळख त्यांच्या जागेत होती. दमयंतीनं, माझ्या बायकोनं, महिनाभर त्या पसाऱ्याच्या कडेकडेनं झाडू मारला, कोंबड्या डालून ठेवल्या, पाहुण्यांना मागच्या दारानं आत घेतलं. आणि आज खंडेनवमीला कोणीतरी सगळं उचलून, धुऊन, शोभेनं मांडून ठेवलं होतं. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं. फक्त ते मनात यायला वेळ लागत होता.

ही गाडी मी का आणली, असं मला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ऑफिसात सांगितलं, छंद आहे. तिथल्या गोऱ्या इंजिनियरांना छंद असतात, मग आपल्याला असला तर काय बिघडलं? दमयंतीला सांगितलं, मुंबईला अशा जुन्या विलायती गाड्यांच्या मागे वेडे लोक असतात, आपलं भलं होईल. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. वाणगावहून गाडी आणली ती बैल जुंपून. रस्त्यानं येताना भातशेतात वाकलेली माणसं ताठ होऊन बघत होती, आणि लाल रंगाची ती बुटकी, उघडी, कुबड्या माणसासारखी दिसणारी एम.जी. गाडी शेजारच्या नवशाच्या बैलांमागून धूळ खात येत होती. सीटच्या फाटक्या चामड्यात कोंबड्यांनी अंडी घातली होती. "लोक गाडी घेतात ती बैलांना सुट्टी मिळावी म्हणून," दमयंती म्हणाली, "तुम्ही घेतलीत ती बैलांना काम मिळावं म्हणून." मी हसलो. हसताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मी बाबांकडे बघत होतो. बाबा अंगणात उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, मागच्या चाकाला पायाच्या अंगठ्यानं जरासं ढोसलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले. त्यानंतर महिनाभर त्या गाडीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

खरं उत्तर बाबाच होते. निदान मला तरी तसं वाटत होतं. बाबा सोराबशेठचे ड्रायव्हर. वाणगावला शेठची चिकूची वाडी होती, बंगला होता आणि एक काळी, भलीमोठी, माजघराएवढी गाडी होती. ती बाबा चालवायचे. खाकी कोट घालून ते बसले की मला ते शेठपेक्षा मोठे वाटायचे, कारण शेठ मागे बसायचा आणि मागे तर कोणीही बसू शकतं. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा कोणी एक गोरा साहेब देश सोडून जाता जाता ही लाल गाडी शेठला विकून गेला. दोन माणसांची गाडी. मी बंगल्याच्या फाटकाशी उभा राहून ती पाहिली आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की मागे सीटच नाही, मग शेठ कुठं बसणार? थोड्याच दिवसांत उत्तर मिळालं. शेठ स्टिअरिंगच्या चक्राशी बसायचा. शेजारी बाबा बसायचे. वाणगावच्या बाजारातून ती गाडी जायची तेव्हा आम्ही शाळेतून परतत असायचो. शेठ डोळ्यांना काळा चष्मा लावून, रुमाल उडवीत गाडी हाकायचा आणि बाजूला माझे बाबा, दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोर. वळण आलं की त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाला जोरानं रेटलेला मला दिसायचा. तिथं ब्रेक नव्हता. तिथं नुसता पत्रा होता. पोरं म्हणायची, "नऱ्याचा बाप बग, भाजीच्या पिशवीवानी बसलाय." मी त्यांच्या अंगावर धावून जायचो, मार खायचो आणि घरी येऊन बाबांशी बोलायचो नाही. पुढं काळी गाडी विकली गेली, खाकी कोट खुंटीवरून पेटीत गेला आणि बाबा वाडीत चिकूच्या करंड्या भरायला लागले. आमच्या घरात त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. आई असेपर्यंत ती नुसतं "जाऊ द्या" म्हणायची. मी मात्र जाऊ दिलं नव्हतं. शेठ गेला, शेठाणी मुंबईला लेकीकडे जायला निघाली, वाडीच्या गोठ्यातली ती गाडी भंगारात निघाली असं कळलं तेव्हा मी असा धावलो की पायात चप्पल होती की नाही तेही आठवत नाही. मला एवढंच पाहिजे होतं. ती गाडी चालू झालेली, चक्राशी माझे बाबा बसलेले, आणि वाणगावचा सबंध बाजार बघतोय. एकदाच. मग ती गाडी समुद्रात ढकलून दिली असती तरी मला चाललं असतं.

पण बाबा बोलत नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्यानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती. एक दिवस वाटायचं, ते मनातून सुखावलेत, पण त्या पिढीला सुख बोलून दाखवता येत नाही. दुसऱ्या दिवशी वाटायचं, अरे, तू हे काय करून बसलास? ज्या गाडीनं त्यांच्या हातातलं चक्र काढून घेतलं तीच आणून त्यांच्या दारात बांधलीस, आता सकाळी दात घासायला बाहेर आले की आधी तिचं दर्शन. मी पान्यानं बोल्ट सैल करायचो आणि मधेच थांबायचो. आपण ही गाडी जोडायला उघडतोय की हिचा सूड घ्यायला, हे मला कळायचं नाही. एखादा बोल्ट गंजून बसलेला असला आणि मी त्याच्यावर हातोडा घातला, तर त्या घावात कारागिरी किती आणि राग किती, हे कोण सांगणार? बाबा ओटीच्या कोपऱ्यात बसून सुपारी कातरत बघत असायचे. त्यांच्याकडे पाहिलं की ते आभाळाकडे पाहायचे.

आज साइटवर अर्धाच दिवस काम होतं. क्रेनला हार घातले होते, फिटरांनी पाने-हातोडे ओळीनं मांडून नारळ फोडले, आणि शांतारामनं प्रसादाचे साखरफुटाणे माझ्या हातावर ठेवत विचारलं, "मग, दिवाळीपर्यंत भुर्र?" मी "बघू" म्हणालो, ट्रकमधून बोईसरला उतरलो आणि तिथून घरी बेटेगावपर्यंत सायकल मारताना, कधी नव्हे तो, खुशीत शीळ घालत आलो. आता ते साखरफुटाणे माझ्या मुठीत चिकट झाले होते. मागच्या दारानं बाबा ओटीवर आले. धोतर वर खोचलेलं, कोपरापर्यंत हात काळे, नखांत चिंचेचा चोथा.

"आलास?" ते म्हणाले. "हातपाय धू. आरती राहिलीय, तुझ्यासाठी थांबलो."

"हे काय केलंत तुम्ही?"

"काय केला? नवमी हाय."

"तुम्हाला हात लावायला सांगितला होता कोणी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "महिनाभर, बाबा, महिनाभर एकेक तुकडा मी जागेवर ठेवला होता! कुठला कुठं बसतो हे आता कोण सांगणार? तुम्ही सांगणार? तुम्हाला येतं?"

"माला नाय येत," बाबा शांतपणे म्हणाले. "मी नुसता चालवायचो. कामां मिस्त्री करायचा."

"मग कशाला लावला हात?"

"शेठकडं दर नवमीला मीच पूजा करायचो गाडीची. तवा ती आख्खी व्हती, एका हारात भागायचा. तू तुकडे केलंस, मंग फुलां जास्ती लागली. परसातला सगला झेंडू संपला." त्यांनी हात धोतराला पुसले आणि कौतुकानं कमळाकडे पाहिलं. "ही टोपीवाली गोल मांडली, ती बरी दिसतात ना?"

मला रडू येईल की हसू, याचा अंदाज लागेना. दारात दमयंती उभी होती. "चिंच मी दिली," ती म्हणाली. "राख माझ्या चुलीतली. ओरडायचंच असेल तर अर्धं माझ्यावर ओरडा. मामंजी सकाळपासून उकिडवे बसून घासताहेत. मी म्हटलं, यांना विचारू या का, तर म्हणाले, त्याला आल्यावर दिसंल, खुश व्हईल." खुश. हा शब्द मी कानात फिरवीत राहिलो. म्हणजे माणूस मला खुश करायला निघाला होता. मी त्यांना खुश करायला निघालो होतो, ते मला, आणि मधल्या मधे गाडीची वाट लागली होती. मी खाली बसलो. वाटलं, अजून थोडं आठवतंय, आत्ताच्या आत्ता चार-दोन गोष्टी तरी जागेवर लावू, आणि कमळातला एक व्हॉल्व्ह उचलायला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या पकडीत अजून जोर होता, याचं मला नवल वाटलं.

"आज नाय. आयुधां पूजेला बसलीत. उद्या दसऱ्याला उठवायची. तवर पान्यालापन हात लावायचा नाय."

"उद्यापर्यंत मी सगळं विसरेन, बाबा."

"विसर."

असं म्हणून ते माझ्या शेजारी, पूजेकडे तोंड करून बसले. काहीच करायचं नसल्यामुळे दोघंही नुसते बसून राहिलो. बापाशेजारी मी असा रिकामा शेवटचा कधी बसलो होतो ते मला आठवेना. आमच्यामध्ये नेहमी काहीतरी काम असायचं. दमयंतीनं चहा आणून ठेवला. कुठूनतरी भाताच्या पेंढ्याचा वास येत होता आणि घासलेल्या पितळी तुकड्यांवर ऊन असं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागत होते. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. मग मी बोललो. ते सगळं बोललो: खाकी कोट, बाजार, भाजीची पिशवी, पत्र्याला रेटलेला पाय. म्हणालो, "त्यांनी तुमचं चक्र काढून घेतलं. ही गाडी मी तुमच्यासाठी जोडत होतो. एकदा तुम्ही ही चालवलीत की माझं समाधान झालं असतं."

बाबांनी बशीतला चहा संपवला. बशी पालथी घातली. "कोनी काढला माजा चक्र?" त्यांनी विचारलं. खरोखरच न समजून विचारलं. "मीच सोडला. उमरोळीच्या फाटकावर आपली काली गाडी रुळावर बंद पडली व्हती. मागं शेठची पोरां. आगगाडीची शिटी आयकाया येत व्हती. ती चालू झाली, निंगालो आमी, कोनाला काय नाय झाला. पन त्या दिसापासून माजे हात लटलटायचे. गाडीत बसायच्या आदी माला उलटी यायची. तुज्या आयेला तेवडा म्हाईत व्हता. दोन वरसां तशीच काढली. मंग एक दिवस शेठच्या पायावर डोका ठेवला, म्हटला, शेठ, माज्याच्यान नाय व्हत. माला वाटला, आता घरी बसवील. तो बोलला, भगवंता, तू शेजारी बस, मी चालवतो."

"आणि तुम्ही बसलात?"

"बसलो म्हंजे?" बाबा एकदम माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. पोरानं चोरून खाल्लेल्या खाऊची गोष्ट सांगावी तसं. "नरू, जलमात माला कोनी फिरवला नव्हता. वीस वरसां मी लोकांना फिरवला. रस्ता, बैल, पोरां, खड्डा, याच्याशिवाय माला काय दिसलाच नव्हता. त्या लाल गाडीत बसलो तवा माला पैल्यांदा समजला, चिंचणीच्या रस्त्याला एवडी ताडां हायत. वारा असा तोंडावर यायचा. शेठ मदेच पारशी गानी म्हनायचा. त्याला यायची नाय ती सोड." ते हसले. "पाय रेटायचो ते खरा. धडकी ती धडकीच. पन उतरावासा नाय वाटायचा."

इतकी वर्षं मी जो अपमान उराशी धरून फिरत होतो, तो ज्याचा त्याच्याकडे नव्हताच. मग तो होता कोणाचा? माझा? पोरांनी मला चिडवलं, एवढाच? एवढ्यासाठी मी बैल जुंपून गाडी आणली, एवढ्यासाठी बायकोची ओटी महिनाभर अडवून ठेवली? मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खिशातलं काहीतरी हरवल्यावर माणूस पुन्हा पुन्हा तोच खिसा चाचपतो तसा मी माझा जुना राग चाचपत होतो, आणि तो सापडत नव्हता, आणि तो नसला तर या लखलखत्या लोखंडाचं मी काय करायचं होतं ते मला कळत नव्हतं. "मग एवढे दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं. "गाडी आली त्या दिवशी तरी सांगायचं."

"तू बोललास का, कशापायी आणलीस ती? माला वाटला, तुला हौस हाय. तू जोडशील, चालवशील. मंग येक दिवस मीच तुला सांगनार व्हतो." ते घुटमळले. कपाळाचा घाम त्यांनी बाहीनं पुसला. "सांगनार व्हतो, माला शेजारी बसव."

"मला गाडी चालवता येत नाही, बाबा."

हे मी इतका वेळ कसं विसरलो होतो कोण जाणे. माझ्या सगळ्या चित्रांत चक्राशी बाबा होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग उठले आणि अंगणात झावळ्यांच्या मांडवाखाली विटांवर ठेवलेल्या गाडीच्या सांगाड्याकडे चालू लागले. डाव्या बाजूचा बुटका दरवाजा उघडायला गेले तर तो हातातच आला. तो त्यांनी जपून विटांवर टेकवून ठेवला, आत पाय टाकला आणि सीटच्या जागी अंथरलेल्या गोणपाटावर बसले.

"ये," ते म्हणाले. "इंजिन नाय, चाकां नाय, चक्र नाय. शिकायला याच्यापरास बरी गाडी तुला गावायची नाय. कोनाला लागनार नाय."

ओटीवरून दमयंती खुदकन हसली. मी उजव्या बाजूनं चढलो. चक्र पूजेत होतं, त्याला कुंकू लावलेलं होतं. माझ्यासमोर नुसता लोखंडी दांडा वर आला होता. हात कुठं ठेवावेत ते समजेना, म्हणून ते मी हवेत धरले. बाबा शेजारी ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. समोर आमची विहीर आणि तिच्यापलीकडे कुंपणाची वई होती. काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी चेष्टेनं, ड्रायव्हर लोक विचारतात तसं विचारलं, "कुठं नेऊ?"

"आँ?"

"कुठं नेऊ तुम्हाला?"

"डानूला काय काम हाय का?"

"काम नाही. तुम्हाला कुठं जायचंय?"

"माला?" बाबांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. पालघर, डहाणू, चिंचणी, तारापूर, जव्हारचा घाट, या मुलखातला असा एक रस्ता नव्हता जो त्यांना ठाऊक नव्हता. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि परत मिटले. कपाळावर आठ्या आल्या. मी हे चेष्टेत विचारलं होतं, पण आता चेष्टा उरली नव्हती आणि प्रश्न मागे घेता येईना. आतून दमयंतीनं आरतीचं ताट तयार असल्याची हाक दिली. मी उतरू लागलो तर त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांब जरा, नरू," ते म्हणाले. "माला कवा कोनी इचारला नाय. थांब, माला सुचू दे."